आवड आणि अधिकार

मेघालयातील गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर एक विलक्षण वनस्पती आढळते. तिच्या पानाचे टोक दोरीसारखे लांबत जाते आणि त्या दोरीच्या शेवटी एक झाकणदार कलश तयार होतो. मराठीत या वनस्पतीला घटपर्णी म्हणतात. कलशाच्या काठाशी गोड रस पाझरत असतो. त्या रसाच्या लोभाने आलेला कीटक निसरड्या काठावरून घसरून आत पडतो आणि तेथील पाचक द्रवात हळूहळू विरघळून जातो. गारो लोक या वनस्पतीला 'मेमांग-कोक्सी' म्हणजे भुताची टोपली म्हणतात. खासी लोकांनी तिला 'तिउ-राकोट' म्हणजे राक्षसी फूल असे नाव दिले आहे. भारतात आढळणारी घटपर्णीची ही एकमेव जाती होय.

वनस्पतीने कीटक भक्षण करावे हे ऐकून प्रथम नवल वाटते. परंतु त्यामागील कारण समजले म्हणजे नवलाची जागा आदर घेतो. ज्या जमिनीत नत्रासारखी पोषक द्रव्ये फार थोडी असतात, तेथे इतर झाडे उपाशी राहतात. अशा ठिकाणी जगावयाचे, तर अन्नाची दुसरी वाट शोधणे भाग असते. घटपर्णीने ती वाट शोधली आहे. तिची शिकार क्रौर्यातून आलेली नसून दारिद्र्यातून आलेली आहे. महाराष्ट्रातही तिचे दूरचे सोबती आहेत. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो. पावसाळ्यात तेथे चिकट थेंबांनी कीटक धरून ठेवणारे दवबिंदू उगवते आणि निळ्याजांभळ्या फुलांची सीतेची आसवेही फुलतात. सीतेच्या आसवांची फुले किती नाजूक दिसतात! पण त्याच वनस्पतीच्या अंगी, ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातील बारीक जीवांना गिळतात.

इतकी अद्भुत वस्तू पाहिल्यावर ती आपल्या अंगणात असावी, असे कोणालाही वाटेल. ही इच्छा वाईट नाही. बागा, फळबागा आणि फुलांचे ताटवे मनुष्याच्या याच इच्छेतून निर्माण झाले आहेत. प्रश्न एवढाच आहे की, एखादी वस्तू आवडली म्हणजे ती उचलून नेण्याचा अधिकार मिळतो काय?

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दूरदेशीच्या दुर्मिळ वनस्पती काचगृहात वाढविण्याचा मोठा छंद धनिकांना जडला होता. त्यांची हौस पुरविण्यासाठी रोपांचे व्यापारी आपली माणसे आशियातील आणि अमेरिकेतील अरण्यांत पाठवीत असत. त्याच काळात, १८७६ साली, मॅरिअन नॉर्थ नावाची इंग्रज चित्रकर्ती बोर्निओ बेटावरील सारावाक प्रांतात गेली. तेथे एका गृहस्थाने रानातून आणून दिलेल्या एका मोठ्या घटपर्णीचे तिने सुंदर चित्र काढले. ही जाती तोवर शास्त्रज्ञांना अज्ञात होती. ते चित्र इंग्लंडमध्ये आले आणि एका प्रसिद्ध रोपव्यापाऱ्याच्या दृष्टीस पडले. त्याने लगेच आपला माणूस बोर्निओला धाडला. चुनखडीच्या कड्यांवर वाढणारी ती वनस्पती त्या माणसाने हुडकून काढली. पुढे त्या जातीला नॉर्थबाईंचे नाव देण्यात आले. परंतु तिच्या वाट्याला आलेली ही कीर्ती तिला महाग पडली. संग्राहकांनी पुढच्या काळात तिच्या मूळस्थानी इतके हात मारले की, आज ती संकटात सापडलेल्या जातींत गणली जाते. चित्रकर्तीने काढलेले चित्र मात्र लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात आजही पाहावयास मिळते. एकाच वनस्पतीवर दोन प्रकारच्या माणसांनी प्रेम केले. एकाचे प्रेम चित्र काढून तृप्त झाले; दुसऱ्याचे प्रेम मूळ उपटल्यावाचून तृप्त होईना.

असे वाटेल की, ज्या वनस्पतीची लागवड सोपी झाली, तिला तरी रानात अभय मिळत असेल. अमेरिकेतील माशीपकड या वनस्पतीची कथा याच्या उलट आहे. पुस्तक मिटावे तशी पाने मिटून ती कीटकास पकडते. चार्ल्स डार्विन याने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिचा मोठ्या कौतुकाने अभ्यास केला आहे. सर्व पृथ्वीवर तिचे नैसर्गिक वसतिस्थान केवळ उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांच्या किनारपट्टीजवळ आहे. आज प्रयोगशाळांत व रोपवाटिकांत तिची असंख्य रोपे तयार होतात आणि ती स्वस्तही मिळतात. तरीसुद्धा रानातील रोपांची चोरी थांबली नाही. कारण रोप वाढवावयास वेळ आणि कष्ट लागतात. उपटावयास एक रात्र पुरते. शेवटी २०१४ साली उत्तर कॅरोलिना राज्याला ही चोरी गंभीर गुन्हा ठरवावी लागली.

रानातील रोपे नेणारे लोक आपल्या बाजूने काही युक्तिवाद करतात. त्यांचा शांतपणे विचार केला पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की, 'एवढ्या मोठ्या रानातून एकच रोप नेले तर काय बिघडते?' थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. थेंबाथेंबाने तळे आटतेही, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. 'एकच रोप' असे म्हणणारा मनुष्य एकटा कधीच नसतो. शिवाय घटपर्णीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिची नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. जेथे झाडे आधीच थोडी उरली आहेत, तेथे एक झाड गेले, तर मागे राहिलेल्या झाडाला फुले येऊनही बी धरणार नाही. नेणाऱ्याला वाटते, आपण एक झाड नेले. प्रत्यक्षात त्याने पुढची पिढी नेलेली असते. त्या झाडाच्या कलशांत डासांच्या अळ्यांसारखे कित्येक लहान जीवही राहत असतात. त्यांचे तर घरच मोडते.

दुसरा युक्तिवाद अधिक विचार करावयास लावणारा आहे. 'कोळशाच्या खाणी, वणवे आणि तोडलेली राने यांमुळे ही झाडे नाहीतरी मरणारच. मग त्यांना आमच्या बागेत आसरा दिला तर ते पुण्यच नव्हे काय?' खाणी आणि तोडलेली राने यांचा धोका खरा आहे आणि मेघालयातील घटपर्णीला तो विशेष जाणवतो. तथापि आग लागलेल्या घरातील भांडी बाहेर काढून देणारा शेजारी निराळा आणि तीच भांडी काखोटीला मारून आपल्या घरी नेणारा शेजारी निराळा. खरोखर वाचवावयाचे असेल, तर ते काम परवानगीने, जाणकारांच्या हातून व नोंदी ठेवून झाले पाहिजे. त्या रोपांपासून नवी रोपे व्हावीत आणि शक्य तेव्हा ती रानात परत जावीत, हा त्यामागे हेतू हवा. छांदिष्टाच्या खिडकीत ठेवलेले रोप एक दिवस सुकून जाते आणि त्याची दादफिर्यादही कोणाकडे लागत नाही. कित्येकदा तर प्रेमापोटीच त्याचा अंत होतो. पुष्कळ खत घातलेली कसदार माती गुलाबाला मानवते. परंतु निकृष्ट भूमीत जगण्यासाठीच घडलेल्या वनस्पतीची मुळे तिच्यात टिकाव धरीत नाहीत. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, त्यातलाच हा प्रकार!

तिसरा युक्तिवाद गरिबीचा आहे. रानात जाऊन झाडे खणणारा मनुष्य बहुधा गरीब असतो. चार पैसे मिळतात म्हणून तो हे काम करतो. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्या हातातील कुदळीला बळ देणारा हात दूर शहरात असतो. विकत घेणाराच नसेल, तर खणणारा कोणासाठी खणील? दोषाची वाटणी करावयाची झाली, तर मोठा वाटा खरेदी करणाऱ्याच्या पदरात पडेल. येथे हेही आठवले पाहिजे की, मेघालयातील डोंगराळ भागातले लोक न उघडलेल्या कलशातील द्रव डोळ्यांच्या विकारावर औषध म्हणून फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. झाडाचा एक कलश घेणे आणि झाड मुळासकट नेणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात झाड मागे उरते.

कायद्यानेही या बाबतीत आपले कर्तव्य केले आहे. दुर्मिळ प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला. त्यातील सर्वांत कडक यादीत भारतीय घटपर्णीचा समावेश आहे. भारताच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि मोजक्या संरक्षित वनस्पतींत घटपर्णीला स्थान मिळाले. गारो टेकड्यांमध्ये बाघमारा येथे तर तिच्यासाठी एक लहानसे अभयारण्य राखून ठेवलेले आहे. वाघसिंहांसाठी अभयारण्य असते, हे सर्वांना माहीत असते. एका कीटकभक्षी रोपासाठीही ते असू शकते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु प्रत्येक डोंगरकड्यावर पहारेकरी उभा करणे शक्य नाही. जेथे कायद्याचा डोळा पोहोचत नाही, तेथे माणसाचे मनच पहारेकरी झाले पाहिजे.

याचा अर्थ असा नव्हे की, या वनस्पती कोणी वाढवूच नयेत. उलट, योग्य मार्गाने केलेली लागवड त्यांना वरदान ठरू शकते. शिलाँग येथील विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा भागापासून प्रयोगशाळेत नवी रोपे वाढवून, घटपर्णीची निपज करता येते हे दाखवून दिले आहे. अशा रोपांनी लोकांची हौस भागली, तर रानावरचा भार हलका होईल. ज्याला असे रोप हवे असेल, त्याने ते घेण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा: 'हे रोप कोठे जन्मले?' रोपवाटिकेत जन्मले असेल आणि विकणाऱ्याजवळ तसा पुरावा असेल, तर ते आनंदाने घ्यावे. उत्तर देताना विक्रेता चाचरू लागला, तर रिकाम्या हाताने परत यावे. असे परत येणे ही वनस्पतीची मोठी सेवाच आहे.

आजच्या काळात आणखी एक पथ्य पाळणे अगत्याचे झाले आहे. छायाचित्र काढणे आता प्रत्येकाच्या हातचे झाले आहे आणि ते क्षणात जगभर पोहोचते. दुर्मिळ वनस्पतीचे छायाचित्र अवश्य काढावे. तिच्या जागेचा पत्ता मात्र सर्वांना सांगत सुटू नये. मॅरिअन नॉर्थच्या चित्रामागून व्यापाऱ्याचा माणूस गेला, त्याप्रमाणे आजच्या छायाचित्रामागूनही कोणी जाऊ शकतो. म्हणूनच नव्या जातीचा शोध लागला तरी कित्येक शास्त्रज्ञ तिचे नेमके ठिकाण उघड करीत नाहीत.

घटपर्णीने उजाड भूमीवर आपला संसार कसा थाटला, हे पाहावयाचे तर ते तिच्या डोंगरावरच पाहिले पाहिजे. तेथील धुके, पाऊस, निकस माती, कलशाकडे झेपावणारी माशी आणि शेजारचे दुसरे झाड या सर्वांसह ती घटपर्णी असते. कुंडीत आणल्यावर यांतले बहुतेक सारे मागे राहते. आवड असणाऱ्याने डोंगर चढून तिच्यापर्यंत जावे, डोळे भरून पाहावे, आणि उतरताना पुढच्या पांथस्थासाठी तिला तेथेच ठेवावे.