कार्डावरचं पाऊल

मैत्रिणींनो, ग्रीटिंग कार्डांचं दुकान आठवतंय ना? गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं आणि टोपलीत बसलेलं एखादं झुबकेदार केसांचं विलायती पिल्लू. असलं पिल्लू आपल्या गल्लीत कधी दिसायचं नाही, पण कार्ड मात्र आपण हौसेनं घ्यायचो. आता ती दुकानंही कमी झाली. शुभेच्छा मोबाइलवर येतात आणि जागा भरली की पुसल्या जातात. म्हणून यंदा मी एक उद्योग मांडला. आमच्या वाघ्याच्या पायाचे ठसे घेऊन घरच्या घरी दिवाळीची कार्डं केली. (चंद्रपुरात राहून कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवणं हा आमच्या ह्यांचा विनोद!) गेरूच्या रंगातलं त्याचं पाऊल, खाली आम्हा सगळ्यांची नावं आणि शेवटी त्याचं.

कौतुक झालं, तशी नाकंही मुरडली गेली. "काऊन वं, सणासुदीच्या कार्डावर कुत्र्याचा पाय?" असं आमच्या नात्यातल्या एक काकू म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. पण तुमच्याशी बोलायला काय हरकत आहे?

पावलांचा मान आपल्याला नवा आहे का हो? चातुर्मासात आपण गोपद्मं काढतो, ती गायीचीच पावलं. गोकुळाष्टमीला कान्होबाची इवली पावलं उंबऱ्यातून आत येतात, दिवाळीत लक्ष्मीची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतो. मग रात्रभर दारात बसून घर राखणाऱ्या कुत्र्यानंच काय घोडं मारलं? दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, ती तर आपण रोज हात जोडून बघतो. माझं म्हणणं एवढंच, की या मानाच्या यादीत घरच्या मुक्या जिवाचंही नाव असावं.

आणि हे मी चंद्रपूर-गडचिरोलीकडची बाई म्हणून जरा जोर देऊन सांगतेय. आपल्याकडे पाऊल दिसलं की आधी काळजात धस्स होतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटेच निघतात. नाल्याच्या ओल्या मातीत ताजा ठसा दिसला, तर पुढे जायचं की मागे फिरायचं हे त्या ठशावरून ठरतं. मागे फिरणं दर वेळी परवडत नाही, हेही खरंच. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्यासाठी गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वडसा परिसरात २०२२ मध्ये जो वाघ पकडला, त्याच्या नावावर तेरा माणसं होती. अशा मुलखात पोरांना पावलं वाचता यायला हवीत, आणि ती शिकवायला घरच्या कुत्र्या-मांजराइतकं चांगलं पुस्तक नाही. दोघांचे ठसे शेजारी शेजारी घेऊन बघा. कुत्र्याच्या बोटांपुढे नखांचे टिंब उमटतात. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून त्याचं पाऊल गोल आणि बिननखाचं. वाघ-बिबट्यांचंही तसंच, फक्त कितीतरी मोठं. अस्वलाला पाच बोटं, त्यामुळे त्याचा मागचा पाय माणसासारखा वाटतो. शेजारच्या दोन पोरांना मी हे कार्ड करता करता शिकवलं, आता ती शेताच्या धुऱ्यावर खाली बघून चालतात!

आपल्या वनखात्यानंही वर्षानुवर्षं हेच केलं. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली आणि १९७२ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत ती वापरली गेली. ठशावर काच ठेवायची, काचेवरून रेघ मारून आकार उतरवायचा, मग तो कागदावर घ्यायचा. कधी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा. ताडोब्यातही पगमार्क म्हटलं की हेच डोळ्यापुढे यायचं. पुढे २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. त्यानंतर कॅमेरे आले, आणि आता वाघ ओळखला जातो तो त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून.

वाघाची अशी नोंद ठेवायला अख्खं खातं आहे, आणि असायलाच हवं. घरच्या कुत्र्याची नोंद कोण ठेवणार?

माझी एक मामेबहीण ताडोब्याच्या बफरमधल्या एका गावात राहते. तिचा नऊ वर्षांचा कुत्रा एका रात्री अंगणातून बिबट्यानं नेला. गाय-बैल, शेळी गेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्र्याचा पंचनामा झालेला मी तरी ऐकला नाही. बाई दोन दिवस जेवली नाही. घरचे म्हणाले, "कुत्रंच तं होतं, दुसरं आणू." तिला त्याचा फोटो हवा होता. मोबाइल उलटापालटा केला, तर नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोत एका कोपऱ्यात शेपूट तेवढी सापडली! नऊ वर्षं घरात वावरलेला जीव, आणि कुणी मुद्दाम त्याचा म्हणून एक फोटो काढला नव्हता. उरलं होतं ते एवढंच, की ओट्याचं सिमेंट ओलं असताना तो वरून चालत गेला होता. तेव्हा तिनं त्याला झाडू फेकून मारला होता म्हणे. आता ती रोज सकाळी ओटा सारवते-पुसते, रांगोळी त्या चार पावलांच्या बाजूनं घालते, त्यांच्यावर नाही. बाईमाणसानं जनावरासाठी रडलं की लोक हसतात, म्हणून ती कुणाजवळ बोलत नाही. रांगोळीच तेवढी दिसते.

ती पावलं मी पाहिली आणि घरी आल्यावर पहिल्यांदा वाघ्याचा पाय हातात घेतला. त्याचं एक बोट ठशात फिकट उमटतं. लहानपणी तिथे बाभळीचा काटा मोडला होता. कार्ड पुण्याला लेकीकडे गेलं तर तिनं फराळाचं काही विचारलं नाही, "आई, ते बोट अजून दुखतं का गं त्याचं?" हे आधी.

आता कृती सांगते, कारण इथे हौसेपायी जनावराचे हाल होऊ शकतात. कुत्री-मांजरं पाय चाटतात, म्हणजे पायाला जे लावाल ते पोटात जाणार. ऑइलपेंट, होळीचा रंग, शिक्क्याची शाई, शेंदूर, बाजारातलं कुंकू यातलं काहीही नको. गेरू पातळ कालवून घ्या, नाहीतर बिटाचा रस. गडद कागद असेल तर तांदळाचं पीठ. हळदही चालते, पण पांढऱ्या कुत्र्याचे पाय आठवडाभर पिवळे राहतील, मग मला बोलायचं नाही! ओल्या फडक्यावर रंग पसरून पंजा त्यावर हलकेच टेकवा. मग पाय कागदावर दाबण्यापेक्षा पुठ्ठ्याला लावलेला कागदच उचलून पंजाला टेकवा, ठसा फिसकटत नाही. पहिले दोन-तीन वाया जातातच. लगेच कोमट पाण्यानं पाय धुवा आणि बोटांमधली जागा कोरडी करा. पायाला जखम असेल तर त्या दिवशी राहू द्या. प्लास्टर ऑफ पॅरिस थेट पंजाला कधीच लावू नका, घट्ट होताना ते तापतं.

आणि त्यानं पाय ओढून घेतला, तर सोडून द्या. मुलं व्हिडिओसाठी पिल्लाला चौघं मिळून धरतात, ते बघून माझा जीव वरखाली होतो. मांजर तर ऐकणारच नाही. तिच्यासाठी वनरक्षकाची युक्ती वापरा. अंगणातली माती ओली करा, ती आपल्या मर्जीनं चालत जाईल. ठशावर स्वच्छ प्लास्टिक अंथरून मार्करनं आकार उतरवा, घरात येऊन कार्डावर छापा. रानातून धरून आणलेला पोपट किंवा ससा मात्र या हौसेत ओढू नका. तो पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

घरी केलेलं कार्ड साधं दिसतं याची लाज वाटून घेऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, हातानं केलेली शुभेच्छापत्रं कित्येकींनी विकत घेतली असतील, त्यांचं मोल कागदाच्या गुळगुळीतपणावर कुणी ठरवलं नाही. कागद जरा जाडच घ्या. मात्र पाकिटासकट वजन २० ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात जाईल. मागच्या बाजूला पेन्सिलीनं जनावराचं नाव, वय, तारीख आणि कोणता पाय ते लिहा. एक कार्ड मात्र कुणाला न पाठवता घरातच, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. माझ्या मामेबहिणीकडे आता नवं पिल्लू आलंय, लस टोचून झाली. त्याचा पहिला ठसा तिनं लसीच्या कार्डावरच घेतलाय, एक रुपयाच्या नाण्याएवढा.