चोराखळीचा ऑक्सिजन

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, आपल्या जिल्ह्यात, तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद असलेल्या धाराशिवमध्ये, घरोघर एकच चौकशी चालू होती : ऑक्सिजनचा बेड कुठं मिळेल? सोलापूर, लातूर, बार्शी, पुणे, जिथं कुणी ओळखीचं होतं तिथं फोन जात होते. त्याच दिवसांत कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत फेरफार करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार करून दाखवला. साखर कारखान्यानं ऑक्सिजन करण्याचा देशातला तो पहिला प्रयत्न. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यानं हे केलं, याचा अभिमान मला आजही वाटतो.

त्यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. इथेनॉलमधलं उरलंसुरलं पाणी काढायला झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या उंच टाक्या असतात. गोळ्या पाणी धरून ठेवतात, अल्कोहोल पुढं जातं. दुसऱ्या जातीचा झिओलाइट भरला आणि दाबानं हवा सोडली, की तो नायट्रोजन धरतो आणि ऑक्सिजन पुढं सोडतो. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. मग देशाचं अडलं कुठं? याच गोळ्यांवर. मे २०२१ मध्ये एअर इंडियाची विमानं रोमहून बंगळुरूला झिओलाइट घेऊन आली, तेव्हा देशात ऑक्सिजनचे नवे प्लांट उभे राहू शकले. द्रवरूप ऑक्सिजन वाहून नेणारे टँकरही हवाई दलानं सिंगापूर, दुबई, बँकॉकहून उचलून आणले. हवा आपली होती, चाळण परक्याची होती.

रोमचं नाव या जिल्ह्याला नवं नाही. तेरणेकाठचं आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायची. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की रोमन साम्राज्यातल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण होते. संत गोरोबाकाकांच्या या गावानं परदेशी व्यापारावर वैभव पाहिलं आहे. म्हणून ‘बाहेरचं काही नको’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मात्र त्याच वाटांनी रोगही फिरतात. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग बहुधा हाँगकाँगहून, जहाजांतल्या मालाबरोबर आणि उंदरांबरोबर उतरला. त्या प्लेगसाठी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला.

तगरच्या गाड्या थांबल्या असत्या तर विणकरांचं नुकसान झालं असतं, गावाचा श्वास अडला नसता. आज नेमका श्वासच अडतो. औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर विसंबलेले, म्हणून मार्च २०२० मध्ये सरकारनं पॅरासिटामॉलसह २६ औषधं व घटकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पुढच्या वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला लशीसाठी लागणारं साहित्य अमेरिकेच्या नियमांत अडकलं. आणि आपल्याकडे दुसरी लाट आली तेव्हा आपणही लशींची निर्यात रोखली. आफ्रिकेतले गरीब देश वाट पाहत राहिले. यात कुणाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. संकटात प्रत्येक देश आधी आपलं दार लावून घेतो, हे गृहीत धरूनच नियोजन करायला हवं.

दार चुकीच्या वेळी उघडलं तरी नुकसान होतं. सोयाबीनचं बघा, कारण आपल्या जिल्ह्याचं खरीप त्याच्यावर उभं आहे. त्याच २०२१ मध्ये जगभर सोयाबीन चढलं, लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला १० हजारांच्या घरात गेला. शेतकऱ्यानं मोठ्या आशेनं पेरणी केली. पोल्ट्री उद्योगाला पेंड महाग पडू लागली, आणि पीक शेतात उभं असतानाच ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेली) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ज्या जीएम सोयाबीनचं बी आपल्या शेतकऱ्याला पेरता येत नाही, त्याचीच पेंड! नवा माल बाजारात आला तेव्हा भाव ५ हजारांच्या आसपास होता. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि तेलबिया पिकवणाऱ्याला मात्र भाव चढला की शिक्षा होते. अशानं तो तेलबियांकडे पाठ फिरवील आणि आयात आणखी वाढेल. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग नियोजन कसं हवं? मराठवाड्यात पूर्वी पेव असायचं. जमिनीत खोल खड्डा, त्यात वर्षा-दोन वर्षांची ज्वारी. पेव भरलेलं असलं तरी बाजार चालूच असायचा. फक्त पाऊस गेला तर गाव लगेच सावकाराच्या दारात उभं राहत नसे. आठवडाभरही ज्यांच्याविना माणूस जगवता येत नाही, त्या वस्तूंचा असा साठा आज जिल्ह्याजिल्ह्यात हवा : ऑक्सिजन, तो करणारे प्लांट, त्यांचे सुटे भाग आणि झिओलाइट, जीवरक्षक औषधं. बाकी माल खुशाल जगभर फिरू दे, फक्त पीक शेतात उभं असताना नियम बदलू नका.

कोविडमध्ये पीएम केअर्समधून देशभर बाराशेहून अधिक ऑक्सिजन प्लांट उभारले गेले. पण हे यंत्र नुसतं उभं ठेवून चालत नाही. झिओलाइटला ओल लागली की तो निकामी होतो, कॉम्प्रेसरला देखभाल लागते, चालवणारा माणूस लागतो. म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा आणि विचारा : प्लांट आहे का, शेवटचा कधी चालवला, देखभालीचा करार कधी संपतो? मिळालेलं उत्तर जिल्हा नियोजन समितीवरच्या आपल्या प्रतिनिधीपुढं ठेवा. हे साथ येण्याआधी करायचं काम आहे, तेव्हा याच महिन्यात करा.