चार्जिंगची गाडी

महाड-पोलादपुराकडे हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. बॅटरीवर चालणारी कोणतीही दुचाकी म्हणजे 'चार्जिंगची गाडी'. मोबाइलला चार्जिंग, तसे गाडीला. मराठीचा मास्तर म्हणून मला शब्द आवडला. शेजारी म्हणून मात्र त्याची धास्ती वाटते. कारण या एका नावाखाली दोन अगदी निराळी वाहने नांदत आहेत.

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी नववीतल्या मुलीला क्लासला जाण्यासाठी अशी गाडी घेतली. मला म्हणाले, "सर, लायसनची भानगडच नाही. दुकानदारानंच सांगितलं."

गाडीला हिरवी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरे, एमएच ०६. मी म्हटले, "अहो, हिला नंबर आहे. म्हणजे लायसन आलंच."

"पण चार्जिंगचीच आहे ना?"

शब्दाचा प्रताप तो हा!

लायसनची माफी आहे, पण ती फार लहान गाडीला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटहून कमी शक्तीची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते 'मोटार वाहन'च नव्हे. त्याला नंबर नाही, लायसन नाही. मात्र पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून तसा दाखला दिलेला हवा. दुकानदाराला तो दाखवायला सांगावा. दाखला नुसता तोंडी असेल, तर पैसे खिशातच राहू द्यावेत. आणि गाडी घरी आल्यावर कोणा हुशार मेकॅनिककडून वेगाचे कुलूप काढून घेतले, की माफीही संपली.

बाकी सगळ्या चार्जिंगच्या गाड्यांना स्कूटरचेच नियम : नोंदणी, विमा, लायसन, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. अल्पवयीन मुलाच्या हाती अशी गाडी सापडली, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकाला किंवा मालकाला धरते. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. 'मला ठाऊक नव्हतं' हे बापाने सिद्ध करायचे असते. हे ऐकून आमचे शेजारी गप्प झाले. मुलीच्या आईने मात्र पुढच्याच आठवड्यात शिकाऊ लायसनचा अर्ज भरला. आता मुलीला क्लासला सोडायचे काम, पक्के लायसन हाती येईपर्यंत, बापाकडे आहे.

छोट्या गाडीला कायद्याने हेल्मेट माफ असले, तरी डांबर काही मऊ होत नाही. शिवाय ही गाडी आवाज करीत नाही. बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यात भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या आजींना ती कोपराला लागल्यावरच कळते. तेव्हा गर्दीत वेग पायी माणसाचा ठेवावा आणि हॉर्न वेळेवर वाजवावा. महामार्गावर ताशी पंचविसाने जाणे म्हणजे एमआयडीसीच्या टँकरांपुढे रांगणे. पोलादपूरच्या पुढे कशेडी किंवा आंबेनळी घाटात तर ती नेऊच नये. चढाला जीव पुरत नाही आणि उताराला ब्रेक.

राहता राहिले पाणी. २२ जुलै २०२१ ला ते महाडात कुठवर चढले होते, हे इथे कोणाला सांगायला नको. बुडालेली बॅटरी उन्हात वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नये. ती पेटू शकते. कंपनीच्या माणसाकडेच न्यावी. आणि जिन्याखालच्या प्लगवर रात्रभर गाडी लावून झोपण्याची जी पद्धत पडली आहे ती तर मोडलीच पाहिजे. आग लागली, तर वरच्या बिऱ्हाडांना उतरायला वाट तेवढीच! आमच्या इमारतीत हा प्लग मागच्या शेडमध्ये, उंच जोत्यावर, न्यायचे एकमताने ठरले आहे. विजेचे बिल कोणी भरायचे यावर मात्र दोन सभा झाल्या. तिसरी भाऊबिजेनंतर आहे.