चिऱ्याच्या भिंतीवर गिझर

वन्संचा लंडनहून फोन आला, की त्यांच्या बोलण्यात खिडकीखाली टांगलेले गरम पाण्याचे रेडिएटर येतातच. आपल्या आगरदांड्याला तसली थंडी कुठली! पण गिझर तर आपणही टांगतो ना? म्हणून माझी फजिती ऐका.

दिवाळीत सासूबाईंसाठी 15 लिटरचा गिझर घेतला. माणूस आला, अर्ध्या तासात लावून गेला. शिमग्याच्या सुमारास पाइपाच्या जोडाशी पाणी ठिबकू लागलं. स्टुलावर चढून बघते तर काय, टाकी भिंतीपासून दोन बोटं सुटलेली! खाली माझी धाकटी रोज आंघोळीला बसते, मैत्रिणींनो. हात लावताच वरचा बोल्ट तांबड्या भुग्यासकट बाहेर आला.

दोष चिऱ्याचा नाही, पद्धतीचा. जांभा मऊ आणि सच्छिद्र. फुगून घट्ट बसणारा फास्टनर काँक्रीटमध्ये छान धरतो, चिऱ्यात मात्र आजूबाजूचा दगडच भुगा होतो. शिवाय 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो, वर टाकीचं वजन वेगळं. भिंतीवर आधी बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटलाय समजा. जमलं तर काँक्रीटचा तुळवा गाठा. नाहीतर आम्ही केलं तसं करा: भिंतीतून आरपार आटे पाडलेली सळई, आणि बाहेरच्या बाजूला पट्टी लावून नट. सगळं स्टेनलेस स्टीलचं हं, खाडीचा वारा साधं लोखंड खातो. भोकांत सिमेंट भरून आठवडाभर थांबले. मग त्या सळयांना भरलेल्या दोन बादल्या रात्रभर टांगल्या. गवंडी हसला, हसू दे.

अर्थिंगची तार वायरमनकडून तपासून घ्या आणि बटण न्हाणीच्या बाहेर ठेवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकलं तर घाबरू नका, तापलेलं पाणी फुगतं त्याला ती वाट लागते. शेजारच्या वहिनींनी तिथे बूच मारलं होतं! मी शाळेतून परस्पर जाऊन ते काढायला लावलं.

सासूबाईंनी तांब्याचा बंब मात्र माळ्यावर चढवू दिलेला नाही. पावसात वीज गेली, की पुन्हा त्याचीच पूजा!