पेपरमिंट तेलाचा रोल-ऑन विकायचाय? आधी बाटलीवरचं वाचा

पिंप्राळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय: "सर, पेपरमिंट तेलाचे रोल-ऑन घरीच भरून विकू का? जळगावच्या उन्हात डोकं धरणारी गिऱ्हाईकं काय कमी आहेत?"

कमी नाहीतच. मेंथॉल कातडीला गार लागतं, कपाळावर फिरवलं की बरं वाटतं. माल खपेल. माझा आक्षेप वेगळा आहे.

स्वस्तातलं बरंचसं 'पेपरमिंट' तेल उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी, संभलकडच्या मेंथाचं असतं. त्याचं शास्त्रीय नाव मेंथा आर्वेन्सिस. खरं पेपरमिंट म्हणजे मेंथा पिपेरिटा. आर्वेन्सिसमध्ये मेंथॉल जास्त, वास उग्र. माल वाईट नाही, पण मग तेच नाव लिहा ना! घेताना बॅचचा तपासणी रिपोर्ट मागा.

घरी वापरून बघायचं तर १० मिलीत ४ थेंब पुरे, बाकी तिळाचं तेल. (खोबरेल हिवाळ्यात थिजतं, रोल-ऑनची गोळी अडकते.) तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ मात्र अजिबात नाही, श्वास अडकू शकतो.

आता विक्री. लेबलवर 'डोकेदुखीवर' लिहिलं की ते औषध झालं. आयुर्वेदिक म्हटलं तरी परवाना लागतो. नुसता थंडावा म्हणून त्वचेला लावायला विकलं तर कॉस्मेटिक, त्यालाही उत्पादन परवाना हवाच. म्हणून पहिला उन्हाळा परवानाधारकाकडून तयार माल घेऊन विका. बाटलीमागे नफा कमी सुटेल, पण गिऱ्हाईक कळेल आणि भांडवल जप्तीत जाणार नाही.

ताई, रिकाम्या बाटल्यांची ऑर्डर दिली असेल तर आजच फोन करून थांबवा.