वाड्याचे दार आणि सातबारा

"बाबा, मॅनर हाऊस म्हणजे आपल्या मनोरचे घर का हो?" चांदीपच्या आमच्या घरात धाकटीने इंग्रजीच्या पुस्तकातून डोके वर काढून विचारले. आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता.

इंग्लंडात मॅनर म्हणजे नुसते घर नव्हते. घर, भोवतालची जमीन आणि तिच्यावर राबणारी माणसे, साऱ्यांवर एका मालकाचा हक्क. मधोमध उंच छपराचा दिवाणखाना. जेवणावळी तिथेच आणि खंड-दंडाचा निवाडाही तिथेच. आगीच्या भीतीने स्वयंपाकघर बरेचदा वेगळे बांधीत. जुन्या काळी वेठीच्या कुळाला ठरावीक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबावे लागे. मुलीच्या लग्नासाठीही मालकाला पैसे भरावे लागत. खोताची वेठ सोसलेल्या आपल्या कोकणातल्या पणजोबांना हे समजावून सांगावे लागले नसते.

असा एक वाडा मुंबईतही होता. १५३४ साली वसईबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. पुढे गोव्याचा डॉक्टर गार्सिया द ओर्ता याने मुंबई बेट खंडाने घेतले. आपल्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, असे त्याने १५६३ च्या ग्रंथात लिहिले आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांनी त्याच वाड्यात बेटाचा ताबा घेतला. हंफ्री कुकने माती आणि दगड हातात धरले, झाले बेट इंग्रजांचे! तिथे राबणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही. १६६८ साली राजाने हे बेट वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिले. सनदेत लिहिले, ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरच्या रिवाजाने!

त्या वाड्याभोवती तटबंदी वाढून मुंबईचा किल्ला झाला. आज टाऊन हॉलमागे ती जागा नौदलाच्या 'आंग्रे' तळात आहे. जुन्या दरवाज्यावर दगडात कोरलेले पोर्तुगीज शिपाई अजून उभे आहेत. दगड घडवणाऱ्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

इंग्लंडात मॅनरची जुनी कूळवहिवाट १९२६ पासून कायद्याने संपली. आपल्याकडे डॉ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

धाकटीला आम्ही एवढेच सांगितले, वाडा पाहताना कमान पाहा, नक्षी पाहा. मग विचार, जमीन कोणाच्या नावावर होती आणि राबले कोण?

आणि वाचकहो, आपल्या घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे? आजच ट्रंक उघडून पाहा. घरच्या बाईचे नाव त्यावर नसेल, तर तलाठ्याकडे चौकशी करायला उशीर करू नका.