उपवास आपला, गोळी तिची



मागच्या वेळी कैरीच्या सुक्या लोणच्यावर लिहिलं तेव्हा पुष्कळ जणींचे फोन आले. आजचं वाचून काही जणी फोन करायच्या बंद होतील, तरी लिहिते. भाद्रपद तोंडावर आलाय, दशलक्षण पर्वात कोण किती उपवास करणार याची चर्चा मंदिराच्या पायरीवर सुरू झालीय, आणि मला दोन वर्षांपूर्वीची पंचमी डोळ्यासमोर दिसतेय.

माझी धाकटी जाऊ आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. आम्ही दोघी सांगलीकडच्या, नवऱ्यांच्या तळोजा एमआयडीसीतल्या नोकऱ्यांमुळे नावड्याला आलो आणि इथल्याच झालो. ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. दोनशे माणसांच्या पंगतीचा अंदाज एकटीने घेणारी बाई. सहा वर्षांपूर्वी तिची पाठ धरायला लागली. आधी आम्ही म्हटलं, कंबर आहे, धरणारच. मग पोट कडक व्हायला लागलं. हात लावला तर पोळपाटाला लावल्यासारखं वाटायचं. आडवी झाली तरी कमरेखाली हात सरकेल इतकी पोकळी राहायची, पाठ गादीला टेकायचीच नाही. चालताना लाकडी बाहुलीसारखी चालायची.

एकदा नावडे फाट्यावर आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. मागून कंटेनरवाल्याने कर्कश हॉर्न दिला. मी दचकले, ती पडली. पण पडताना माणूस हात पुढे करतो ना, तसं काही नाही. ओंडका आडवा व्हावा तशी सरळ पडली, हनुवटी फुटली. त्यानंतर तिने रस्ता ओलांडायचं नाव टाकलं. घरात भिंतीला धरून नीट चालायची, पण मोकळ्या जागेत पाय उचलायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही पाय ताठ व्हायचे.

मग आपण काय केलं? मी "आपण" म्हणतेय, कारण त्यात मी पहिली आहे. घरात चालते आणि बाहेर चालत नाही म्हणजे मनाचं आहे, असं मीच म्हटलं. "मन घट्ट कर गं," हे माझे शब्द. कुणी म्हणालं सुनेच्या धास्तीने झालंय, कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं रजोनिवृत्ती. एका माहेरवाशिणीने तर नाटक हा शब्द वापरला, तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. हाडांचे डॉक्टर झाले, मसाज झाले, काढे झाले, मानसोपचार झाले. साडेतीन वर्षं गेली. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञाने तिला झोपवून पोटावर आणि पाठीवर एकाच वेळी हात ठेवला. पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकदम आवळलेले होते, एक आवळला की दुसऱ्याने सैल व्हायचं, ते होतच नव्हतं. त्याने सुईची तपासणी केली, ईएमजी म्हणतात ती. रक्तात जीएडी नावाच्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं तपासायला सांगितली. ती भरपूर निघाली.

आजाराचं नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. ताठ माणसाचा आजार म्हणा. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो. आपल्या शरीरात स्नायूला "आता सैल हो" असा निरोप देणारं एक रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात. ते तयार करायला जीएडी हे विकर लागतं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून त्या जीएडीला शत्रू समजते. मग आवळण्याचा निरोप जातो, सोडण्याचा नीट पोचत नाही. आवाज, धक्का, अचानक लागलेला हात, रडू, राग, एवढंच नव्हे तर घाई, यांतल्या कशानेही झटका येतो. म्हणजे मनाला ताण आला की आजार वाढतो, हे खरंच. पण त्यावरून आजार मनाचा आहे असं म्हणणं म्हणजे वाऱ्याने दिवा विझला म्हणून दिव्यात तेल नव्हतंच म्हणण्यासारखं. स्वादुपिंडातही हेच जीएडी असतं, म्हणून यातल्या कित्येकांना इन्सुलिनवाला मधुमेह असतो. थायरॉइडचा त्रासही असतो, जो माझ्या जावेला दहा वर्षं आहे.

हा आजार अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मोर्श आणि वोल्टमन या डॉक्टरांनी 1956 साली लिहून ठेवला. 14 रुग्ण होते, त्यातला पहिला त्यांनी 1924 मध्ये पाहिलेला. नाव काय ठेवलं? ताठ पुरुषाचा आजार! पुढे कळलं की तो बायकांनाच जास्त होतो, साधारण दुपटीने, तेव्हा नाव बदललं. जीएडीची गोष्ट उघड झाली 1988 मध्ये. म्हणजे तीसेक वर्षं यातल्या बायकांकडे दाखवायला रक्ताचा रिपोर्टही नव्हता. आजही काहींचा रिपोर्ट निर्दोष येतो आणि आजार असतो, हेही ध्यानात ठेवा.

टायटॅनिक सिनेमातलं गाणं गाणारी सेलीन डिऑन आठवते? तिने 8 डिसेंबर 2022 ला जगाला सांगितलं की मला हा आजार आहे. त्रास त्याआधी बरीच वर्षं चालू होता आणि ती कार्यक्रम रद्द करायची, तेव्हा लोक तिलाही नावं ठेवायचे. 2024 च्या माहितीपटात तिने स्वतःचा झटका चित्रित होऊ दिला. मी तो जावेबरोबर पाहिला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "वैनी, असंच होतं." त्याच वर्षी 26 जुलैला सेलीन पॅरिसला ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून गायली. तिच्याकडे पैसा आहे, डॉक्टरांचा ताफा आहे, हे मान्य. पण निदानाला वर्षं लागली ती तिलाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची साथ आली तेव्हा आठवड्यात आपल्या सगळ्यांना ते नाव पाठ झालं. तोही संरक्षणव्यवस्थेनेच नसांवर उलटण्याचा आजार, फक्त त्यात माणूस लुळा पडतो. शंभर जण एकदम आजारी पडले की आपला विश्वास बसतो. एकटी बाई पडली की नाटक.

आता त्या पंचमीकडे येते.

निदानानंतर तिला डायझेपाम आणि बॅक्लोफेन चालू झालं. डायझेपाम या आजारात 1963 पासून वापरतात. आठ-दहा महिन्यांत ती जिना उतरायला लागली. मग दशलक्षण आलं. मंदिरात तिला कुणी काय सांगितलं ते मी अक्षरशः लिहिते: झोपेच्या गोळ्या आहेत त्या, सवय लागेल, पर्वात सोडून बघ, तपाने शरीर शुद्ध होतं, असातावेदनीयाचा उदय आहे तो गोळीने जाणार नाही. सांगणाऱ्या तिघी होत्या. तिघींचंही तिच्यावर प्रेम आहे, ही यातली वाईट गोष्ट. जावेने पंचमीचा निर्जल उपवास धरला आणि गोळ्या एकदम बंद केल्या. घरात कुणाला बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दीर वरून ओरडत आला. तिला ताप होता, भास होत होते, सगळं अंग धनुष्यासारखं ताठलं होतं आणि आकडी आली होती. सहा दिवस अतिदक्षता विभागात काढले. डॉक्टर म्हणाले, ही औषधं एकदम तोडली तर आजार नुसता परत येत नाही, चवताळून येतो. कमी करायची तर आठवड्या-आठवड्याने, त्यांना विचारून.

मी शास्त्र शिकलेली नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. पण स्वाध्यायाला तीस वर्षं बसतेय. अनशन हे बाह्य तप आणि वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा, हे अंतरंग तप. हे आपणच मुलांना पाठशाळेत शिकवतो ना? चार दानांत औषधदान आहे की नाही? आचार्य समंतभद्रांना भस्मक व्याधी झाली, त्यांनी सल्लेखना मागितली, तेव्हा गुरूंनी नकार दिला आणि आधी बरा हो म्हणून सांगितलं, मुनिवेष बाजूला ठेवायला लावून. ही कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि पायरीवर येऊन आजारी बाईला गोळी सोडायला सांगतो. आणि कर्माचंच काढायचं असेल तर तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय उघडा. दुसऱ्याला दुःख, शोक, संताप दिल्याने असातावेदनीयाचाच आस्रव होतो असं तिथे आहे. तिचा उदय सगळ्यांना दिसला. माझ्या जिभेने मी काय बांधत होते, ते मला कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन सुचवलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून ते काढतात आणि शिरेतून देतात. 2001 साली 16 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली होती आणि बहुतेकांचा ताठपणा कमी झाला होता. लगेच प्रश्न आला, माणसाच्या रक्ताची वस्तू कशी चालेल? अहो, महावीर जयंतीला आपण रक्तदान शिबिर भरवतो, प्रमाणपत्रासह फोटो काढतो. द्यायला चालतं आणि घ्यायला चालत नाही? देणारा जिवंत आहे, राजीखुशीने देतोय, कुणाचा जीव गेलेला नाही. यात हिंसा कुठे आहे ते मला कुणीतरी शांतपणे समजावून सांगा, मी ऐकेन.

खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. महिन्याला किलोमागे 2 ग्रॅम हा त्याचा डोस. 55 किलोच्या बाईला 110 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 22 बाटल्या, एकेक बाटली हजारांत. दिराने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण 2021 मध्ये आलं, परळचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे, पण धोरणाच्या यादीत मुख्यतः जनुकीय आजार आहेत. हा त्यात बसत नाही. आपल्या समाजाच्या ट्रस्टकडे शिखराच्या रंगाला निधी निघतो. एका बाईच्या 22 बाटल्यांसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, अशी तरतूद नाही. तरतूद म्हणजे काय हे मला माहीत आहे, ताळेबंद मलाही वाचता येतो. ती माणसं करतात, आपोआप होत नाही.

यंदा जाऊ एकाशन करणार आहे, डॉक्टरांना विचारून आणि गोळ्या घड्याळाप्रमाणे घेऊन. आर्यिका माताजींना मी स्वतः नेऊन विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, औषध चुकवू नकोस, णमोकार म्हण, तेवढं पुरे.

मंदिरात तिची खुर्ची दाराजवळ ठेवतो, मागून कुणी एकदम खांद्यावर हात ठेवू नये म्हणून भिंतीला टेकवून. अभिषेकाच्या वेळी घंटा वाजवण्याआधी तिच्याकडे बघून मान हलवायची असं पोरांना शिकवलंय, आणि ती शिकलीसुद्धा. मोठ्यांपैकी एका काकूंचं म्हणणं आहे की एका बाईसाठी घंटा थांबवायची नसते. रविवारी बैठक आहे. मी जाणार आहे, जाऊही येणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी साडेचारला या.